वाऱ्यावर न सोडलेले टपाल

मावळातल्या माणसाला टाटा हे नाव पहिल्यांदा भेटते ते धरणाच्या भिंतीपाशी. लोणावळ्याचे तळे, वळवण, शिरोता, पलीकडे आंदर मावळातले ठोकळवाडी. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते घाटाखाली सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, हा उद्योग १९१५ पासून आपल्या डोंगरांत चालू आहे. त्या पाण्याखाली कित्येकांची खाचरे आणि घरे गेली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच दुःखापोटी. तेव्हा आपल्या भागात या नावाबद्दल आदर आहे तसा सलही आहे, आणि दोन्ही खरे आहेत.

याच घराण्यातल्या एका माणसाचा आपल्या घाटाशी आलेला दुसरा संबंध मात्र फारसा कोणाच्या लक्षात नाही. तो पाण्याचा नसून वाऱ्याचा आहे. जून लागला की नागफणीच्या कड्यावर आणि राजमाचीच्या धारेवर वारा कसा भणाणतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. छत्री उलटी करणारा, कौले उचलणारा तो वारा अंगावर घेत १९३०च्या दशकात लाकूड, कापड आणि लोखंडी नळ्यांची चिमुकली विमाने हा सह्याद्री ओलांडत असत. त्यांच्या पोटात टपालाच्या पिशव्या असत. ती विमाने ज्यांच्या हट्टातून आकाशात गेली त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. टाटा, यांच्या आयुष्याचा हा आलेख आहे.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे आप्त आणि उद्योगातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. बालपण फ्रान्स, जपान, मुंबई असे फिरत गेले. घरात फ्रेंच बोलली जाई, त्यामुळे मुलाची पहिली भाषा तीच झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या आर्देलो या समुद्रकाठच्या गावी राहत असे. तिथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा हा पराक्रमी पुरुष शेजारच्या घरात राहतो, याचे त्या मुलाला केवढे अप्रूप वाटले असेल!

ब्लेरिओच्या या विक्रमाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. २५ जुलै १९०९ रोजी तो फ्रान्सहून निघाला आणि सुमारे सदतीस मिनिटांत डोव्हरच्या किल्ल्याजवळ पोहोचला. तिथे वारा सोसाट्याचा आणि झोतांचा होता. विमान जमिनीवर नीट टेकलेच नाही, आदळले. चाकांचा सांगाडा मोडला, पंखा तुटला. ब्लेरिओ सुखरूप राहिला आणि जगाने जयजयकार केला. सारी खाडी पार करून आलेला वीर शेवटच्या काही हातांच्या अंतरात वाऱ्याच्या तावडीत सापडला होता. विमानविद्येतला हा पहिला धडा आहे. वर जाणे अवघड असतेच, पण खरी परीक्षा खाली येण्याची असते.

असे का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आकाशात असताना वारा विमानाला आपल्यासोबत वाहून नेतो, होडीला नदी नेते तसा. पण जमीन हलत नसते. उतरताना विमान वाहत्या हवेतून स्थिर जमिनीवर यायचे असते, म्हणून ते शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरवतात. समोरचा वारा वेग कमी करतो आणि विमान थोडक्या जागेत थांबते. वारा आडवा असला तर विमान बाजूला सरकते. मग नाक किंचित वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखे तिरपे यावे लागते आणि चाके टेकण्याच्या क्षणी सरळ करावे लागते. तो क्षण चुकला की चाक मोडते, पंख जमिनीला लागतो, नाहीतर विमान भिंगरीसारखे गरकन फिरते. हलक्या विमानाला हे भय जास्त. पूर्वीची विमाने शेपटी टेकवून उभी राहत, तेव्हा त्यांना आणखी जास्त.

वयाच्या पंधराव्या वर्षी आर्देलोच्या किनाऱ्यावर जे. आर. डीं.ना विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि वैमानिक व्हायचे हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. पण आयुष्याने आधी दुसरेच काही पुढे वाढून ठेवले होते. १९२३ साली आई गेली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअर होण्याचा बेत वडिलांच्या बोलावण्यामुळे राहिला आणि १९२५ साली ते मुंबईत टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांच्या तरुणावर धाकट्या भावंडांची जबाबदारी येऊन पडली. पदवी नाही याची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. आपल्यासारख्या पदवीच्या मागे धावणाऱ्यांनी याची दखल घ्यावी, कारण ती उणीव त्यांनी आयुष्यभर वाचून भरून काढली.

मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा या तरुणाने उशीर केला नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांमधला प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून निघाला. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्याजवळ जादा स्पार्क प्लग नव्हता. जे. आर. डीं.नी आपल्याकडचा दिला आणि प्रतिस्पर्धी मार्गाला लागला. बक्षीस अस्पीने जिंकले. पुढे तोच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही शर्यत हरल्याचे दुःख जे. आर. डीं.ना झाल्याचे कुठे दिसत नाही.

इथपर्यंतची कथा एका हौशी श्रीमंत तरुणाची वाटेल. तिला वळण मिळाले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांच्यामुळे. इंग्लंडच्या हवाई दलातून बाहेर पडलेले हे धाडसी वैमानिक विमाने घेऊन भारतभर हिंडले होते. इंग्लंडचे हवाई टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येते, तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला ते आपण विमानाने नेऊ, ही योजना घेऊन ते टाटांकडे आले. सर दोराबजी टाटा वृद्ध आणि आजारी होते. त्यांचे मन जेमतेम वळले. सरकारने तर वर्षानुवर्षे घोळ घातला. अनुदान देणार नाही हे त्याने स्पष्ट केले. अखेर १९३२ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांचा करार झाला. भांडवल होते दोन लाख रुपये, विमाने दोन, आणि तीही पस मॉथ जातीची, एका इंजिनाची.

या पस मॉथबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. बंद केबिनचे, देखणे, त्या काळी फार लोकप्रिय झालेले हे विमान. पण १९३० ते १९३३ या वर्षांत या जातीची अनेक विमाने जगात ठिकठिकाणी हवेतच मोडून पडली. पुष्कळ चौकशीअंती कळले की जोरदार हेलकाव्यांच्या हवेत पंखाला आधार देणारी पुढची दांडी थरथरू लागते, वाकते, आणि पंख निखळतो. मग त्या दांड्यांना बळकटी देण्यात आली. म्हणजे जे. आर. डी. आणि व्हिन्सेंट ज्या वर्षी टपाल घेऊन उडू लागले, त्या वर्षी त्यांच्या हाताखालचे यंत्र वाऱ्यात किती टिकेल हे खुद्द ते बनवणाऱ्यांनाही पुरते ठाऊक नव्हते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटे निघाले. सोबत सुमारे पंचवीस किलो टपाल होते. विमानात रेडिओ नव्हता. वाटेत मार्ग दाखवणारे दिवे नव्हते. अहमदाबादला पेट्रोल मिळाले ते बैलगाडीतून आणलेल्या चार चार गॅलनच्या डब्यांतून. दुपारी दोनच्या थोडे आधी ते जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट दुसऱ्या विमानातून तेच टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतातल्या हवाई वाहतुकीचा पाया त्या दिवशी घातला गेला असे आपण म्हणतो, पण पाया म्हणण्याजोगे तिथे काय होते? दोन माणसे, दोन यंत्रे आणि चिखलाचे एक मैदान.

जुहूचे ते मैदान समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षाही खोलगट होते. पावसाळ्यात त्यावर पाणी साचे आणि विमान उतरवणे अशक्य होई. मग टाटांचे सारे बिऱ्हाड, म्हणजे दोनतीन विमाने, मूठभर वैमानिक आणि मेकॅनिक, पावसाळ्यापुरते पुण्याला हलत असे. येरवड्याच्या तुरुंगाजवळचे एक मोकळे मैदान त्यांना विमानतळ म्हणून वापरू दिले होते. ज्या तुरुंगात १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार घडला, त्याच्याच भिंतीलगत पुढच्या पावसाळ्यापासून टपालाची विमाने उतरू लागली.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणावा. अहमदाबादहून पुण्याला यायचे तर सह्याद्री ओलांडावाच लागतो. आषाढात आपल्या डोंगरावर ढग किती खाली उतरतात ते आपण पाहतोच. लोहगड, विसापूर दिवसचे दिवस दिसत नाहीत. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि माथा ओलांडला की पलीकडे खाली झेपावतो. डोंगराच्या पाठीला लागलेले हलके विमान त्या उतरत्या हवेत सापडले तर इंजिन पूर्ण ताकदीने चालवूनही खाली खाली जाते. ढगात शिरावे तर डोंगर कुठे ते कळत नाही, ढगाखालून जावे तर खिंडीत अडकण्याचे भय. एवढे करून पुण्याला यावे तर मैदान ओले, चाके रुतणारी आणि वारा आडवा. असे त्या वैमानिकांनी पावसाळाभर, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करायचे होते, कारण कराचीला इंग्लंडचे विमान कोणासाठी थांबत नसे.

पहिल्या वर्षाचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. सुमारे अडीच लाख किलोमीटरचे उड्डाण, जवळजवळ दहा टन टपाल, १५५ प्रवासी आणि साठ हजार रुपये नफा. याहून महत्त्वाची नोंद सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या अहवालात आहे. टाटांचे टपाल त्या वर्षात शंभर टक्के वेळेवर पोहोचले; पावसाळ्याच्या महिन्यांत पश्चिम घाटाचा टप्पा विशेष धोक्याचा असूनही मद्रासचे किंवा मुंबईचे टपाल कराचीला एकदाही चुकले नाही, अशा आशयाची ती नोंद आहे. परक्या सरकारच्या रूक्ष अहवालात आपल्या घाटाला आणि त्याच्या वाऱ्याला मिळालेली ही दाद आहे. मराठीत एखाद्याला वाऱ्यावर सोडणे म्हणजे टाकून देणे. या माणसांनी टपाल वाऱ्यातून नेले, पण वाऱ्यावर सोडले नाही.

मात्र या धंद्याने घेतलेली किंमत विसरून चालणार नाही. १९३६ साली जे. आर. डीं.चा धाकटा भाऊ जमशेद ऑस्ट्रियात विमान अपघातात मरण पावला. घरात विमानाचे वेड ज्याने आणले, त्या थोरल्या भावाच्या मनावर या आघाताने काय ओरखडे उठले असतील याची कल्पनाच करावी. १९४२ च्या जानेवारीत व्हिन्सेंट इंग्लंडहून परत येताना विमानासह नाहीसे झाले. तोपर्यंत जे. आर. डी. १९३८ पासून टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झालेले होते. पोलाद, वीज, रसायने असा मोठा पसारा त्यांच्या शिरावर होता, तरी विमानाचे लेकरू त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिले नाही.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे नाव एअर इंडिया झाले आणि ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. जे. आर. डी. त्या विमानात होते. स्वतंत्र भारताचे विमान युरोपात उतरले ही त्या पिढीला केवढी अभिमानाची गोष्ट होती! अवघ्या अडीच वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, हेच मलबार प्रिन्सेस जिनिव्हाला उतरण्यासाठी खाली येत असताना वादळी हवेत माँ ब्लाँच्या शिखरावर आदळले. त्यातले अठ्ठेचाळीसही लोक गेले. शोधासाठी निघालेला रने पायो हा पर्वतातला वाटाड्याही बर्फाच्या भेगेत पडून मेला. त्या विमानातही टपाल होते. पुढच्या अनेक वर्षांत हिमनदी सरकत सरकत त्याचे तुकडे आणि पत्रे खाली आणून टाकत राहिली.

याच सुमारास जे. आर. डीं.चा सरकारशी एक मोठा वाद झाला. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना आणली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघावीत, मध्यावर नागपूरला एकत्र यावीत, टपालाची अदलाबदल करावी आणि पहाटे आपापल्या गावी परतावे. योजना नामी होती आणि १९४९ च्या जानेवारीत ती सुरूही झाली. जे. आर. डीं.नी विरोध केला. रात्री विमान उतरवण्यासाठी लागणारी साधने देशात पुरेशी नाहीत आणि हिशेबही जमत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यावर टीका झाली. धंद्यातले प्रतिस्पर्धी नकोत म्हणून ते अडवत आहेत असे अनेकांना वाटले. अखेर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५० साली चौकशी समिती नेमावी लागली. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून उडालेले रात्रीच्या टपालाचे डाकोटा विमान लगेच कोसळले आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. तरीही रात्रीची ही सेवा पुढे वर्षानुवर्षे चालली आणि लाखो लोकांना उपयोगी पडली, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. जे. आर. डीं.ची भीती काहीशी जास्त ठरली असे म्हणता येईल. पण ज्याने स्वतः रेडिओविना, दिव्याविना टपाल नेले होते, त्याच माणसाने पुढे दिव्यांचा आग्रह धरावा, यात विसंगती नाही. स्वतःचा जीव पणाला लावणे हे धाडस असते. आपल्या हुकमाने दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याआधी थांबणे ही जबाबदारी असते. तारुण्य आणि प्रौढपण यांतला हा फरक त्यांच्यात स्पष्ट दिसतो.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ते त्यांना पटले नव्हते, तरी सरकारी एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले आणि पंचवीस वर्षे सांभाळले. विमानातून जाताना चहाच्या रंगापासून खिडकीच्या पडद्यापर्यंत सगळ्याची टिपणे करून ते संबंधितांना पाठवत. कोणाला हा खुळचटपणा वाटे. पण एक दांडी कमकुवत राहिल्याने पंख निखळतो, हे ज्याने तरुणपणी पाहिले त्याला बारीकसारीक असे काही उरत नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी कांचनगंगा हे एअर इंडियाचे बोइंग विमान पुन्हा जिनिव्हाकडे उतरताना त्याच माँ ब्लाँवर आदळले. वैमानिकाला आपली नेमकी जागा कळण्यात चूक झाली होती. ११७ माणसे गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते. ज्यांच्या संशोधन संस्थेला टाटांनी आधार दिला, त्या आपल्या स्नेह्याला जे. आर. डीं.च्याच कंपनीचे विमान घेऊन गेले. २०१२ साली त्या हिमनदीत कांचनगंगामधली भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची पिशवी सापडली, शेहेचाळीस वर्षांनी. १ जानेवारी १९७८ रोजी सम्राट अशोक हे जंबो जेट मुंबईच्या समुद्रात कोसळून २१३ जण गेले आणि पुढच्याच महिन्यात सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. पुढे १९८० मध्ये त्यांना संचालक मंडळावर परत घेण्यात आले.

कडवटपणा बाळगण्याचा त्यांचा स्वभाव नसावा. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराचीहून पुन्हा एकटे निघाले आणि जुहूला उतरले. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले ते जिनिव्हात, जिथे त्यांची दोन विमाने उतरू शकली नव्हती त्याच गावी. त्यांनी उभी केलेली विमान कंपनी २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटांकडे आली.

आज आपल्यापैकी कोणी क्वचितच पत्र टाकतो. निरोप बोटाच्या टोकावर पोहोचतो आणि तो कोणी कसा नेला हे विचारायची गरज पडत नाही. पण पावसाळ्यात घाटमाथ्यावर उभे राहून तो वारा अंगावर घेतला, तर एक गोष्ट जाणवल्यावाचून राहणार नाही. कोणा अनोळखी माणसाचे पत्र वेळेवर पोहोचावे म्हणून कोणीतरी या ढगांतून वाट काढत होते, आणि पत्र घेणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नव्हते. जे. आर. डीं.च्या जीवनातून विद्यार्थ्याने घ्यावे असे पुष्कळ आहे, पण सर्वांत मोलाचे हेच आहे की हाती घेतलेले काम उंच नेऊन भागत नाही. ते सुखरूप जमिनीवर आणून ज्याचे त्याला पोहोचते करावे लागते.